पाणी घातल्यावर

कंपनीचं वाक्य मला झोपेतही येतं:
शुद्ध खनिज, मॅडम. सुगंध नाही, तेल नाही,
मातीतून आलंय, लावलंय ते कळतही नाही.
एम. जी. रोडच्या काउंटरवर, दिवसातून चाळीस वेळा.
आणि दुपारी तीनला
मॅनेजर एसी बंद करतो तेव्हा
आधी नाकाच्या कडेला, मग हनुवटीखाली
कोणीतरी आतून सुई घेऊन
शिवण उसवत बसतं.

खाजवायचं नसतं.
काउंटरवरच्या मुलीचा चेहरा हाच तिचा माल.
मी आरशामागे जाते, नखाच्या पाठीने दाबते,
परत येते.

आई म्हणते, काय होऊन राहिलंय तुझ्या तोंडाला?
सियागंजातून मुलतानी माती आणली तिने.
तिनेही आग.

मार्चमध्ये एक बाई परत आल्या होत्या.
राजमोहल्ल्याच्या, वैशंपायन,
गालांवर चट्टे, पदराने अर्धे झाकलेले.
मी म्हटलं, होतं सुरुवातीला, त्वचेला सवय होते.
ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलेलं.
त्यांनी मान डोलावली
आणि सवय करून घ्यायला घरी गेल्या.

डबीच्या बुडाशी अक्षरं, मुंगीच्या पायाएवढी.
बाबांचं भिंग धरलं:
अभ्रक. जस्त. लोखंडाचा गंज, तीन रंगांत.
आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्याच जागी,
बिस्मथ ऑक्सिक्लोराइड.

बाबा होळकर कॉलेजात लॅब असिस्टंट.
एकतीस वर्षं पोरांच्या परीक्षेसाठी
क्षारांच्या पुड्या बांधल्या.
अगं, हा तर सोप्पा, म्हणाले.
आम्लातल्या द्रावणात नुसतं पाणी घाल,
भसकन पांढरा होतो. मोत्यासारखा.
त्र्याऐंशी नंबर, शिशाच्या शेजारी घर,
पण स्वभावाने गरीब. पोटाच्या औषधातही असतो.
ते बोलतच राहिले, किती दिवसांनी कोणी विचारलं होतं त्यांना.
मोत्यासारखा, हे आमच्या पत्रकातही आहे.
पाणी घातल्यावरचं नाही.
मी माझ्या घामाचा विचार करत होते.

एमवायच्या त्वचा विभागात
डॉक्टर सकीना बडनगरवाला यांनी
पाठीवर वीस चौकोन चिकटवले, पेनाने आकडे घातले,
दोन दिवस अंघोळ नाही, म्हणाल्या.
मे महिना. इंदूर. अंघोळ नाही.
मी पालथी झोपले
पाठीवर कॅलेंडर घेऊन,
कुठली तारीख लाल होते याची वाट बघत.

पट्ट्या निघाल्या. पाठ कोरी.
दोन दिवसांनी पुन्हा पाहिली. कोरी.
ॲलर्जी नाही, त्या म्हणाल्या.
नुसती चीड आहे. त्वचा चिडते.
चपटे स्फटिक असतात, घामात टोचतात,
रोज रोज टोचलं की
चिडणारच ना ती.

नुसती.
रिक्षात मी तो शब्द जिभेखाली धरून बसले
गोळीसारखा.
मी कधी चिडत नाही.
दोन महिने पगार थकला, नाही चिडले.
मॅनेजर म्हणाला, जरा उजळ शेड लाव, बरी दिसशील,
हसून लावली.
सगळं चेहऱ्याने एकट्याने केलं,
मला न विचारता.

सोमवारी एक मुलगी आली, लग्नाची खरेदी, सोबत वहिनी.
नैसर्गिक आहे ना हे?
मी म्हटलं, खाजकुइरीही नैसर्गिकच.
वहिनी हसली. मुलगी नाही हसली.
डबी उलटी करून मी भिंग तिच्या हातात दिलं.

आता तीन वाजलेत.
एसीचा आवाज बंद झाला.
विक्रीच्या वहीत मार्चचं पान,
वैशंपायन, पुढे दहा आकडे.
फोन कानाला, रिंग जातेय.
समोर गिऱ्हाईक उभं आहे, मॅनेजर बघतोय,
आणि मी हनुवटी खाजवतेय,
पाचही नखांनी,
सावकाश.